माझ्या बाजूचा ब्रेक

माझ्या बायकोला कुणाचा चुकून फोन लागला, तरी ती तो ठेवत नाही. पलीकडचा माणूस "राँग नंबर, माफ करा" म्हणत असतो आणि ही त्याला विचारते, "आवाज असा का बसलाय हो तुमचा?" चौथ्या मिनिटाला तिला कळतं की त्याच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. सातव्या मिनिटाला ती सांगते, "मी प्रार्थना करते हं आईंसाठी. येशू ख्रिस्ताबद्दल ऐकलंय ना तुम्ही?" आणि मी इकडे रिकाम्या ताटासमोर बसून पंख्याकडे बघत असतो.

शेगडी दुरुस्त करायला आलेला माणूस, वरच्या मजल्यावरची नवी भाडेकरीण, दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवर बसलेला कुणीही, कुणाची म्हणून सुटका नाही. पार्सलवाला तर आता पार्सल दारात ठेवतो, बेल दाबतो आणि सही न घेताच धूम ठोकतो. मी खिडकीतून पाहिलंय.

मी तसा नाही. विश्वास माझाही आहे, कुणाला शंका नको. रविवारची उपासना मी आजारी असल्याशिवाय चुकवलेली नाही. पण आपल्या विश्वासाबद्दल तोंड उघडून परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी दातखीळ बसते. ओरडायचं असेल तर सांगा. बावीस वर्षं मी गाडी शिकवतोय, ओरडण्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

त्यात तीन महिन्यांपूर्वी आमच्या पाळकसाहेबांच्या डोक्यात आलं की मंडळीतल्या प्रत्येकानं 'दार उघडं ठेवायचं'. म्हणजे काय, तर रोजच्या कामात, येता-जाता, विश्वासाबद्दल दोन शब्द बोलायची वेळ आली तर ती दवडायची नाही. आणि रविवारी उपासना संपली की ज्याला अशी वेळ मिळाली त्यानं उभं राहून सांगायचं. पहिल्या रविवारी बायको उभी राहिली. दुसऱ्या रविवारीही. सहाव्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "आज ताईंच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगायचंय का?" आणि ताईंनी वळून माझ्याकडे बघितलं. त्यांच्याबरोबर अख्ख्या मंडळीनं.

"अहो, तुमच्याइतकी संधी आहे का कुणाला?" घरी येताना तिचं सुरू. "रोज आठ माणसं. एकेकाला पाऊण तास. गाडीत दोघंच. दारं बंद, पट्टा बांधलेला. जातील कुठे?"

"म्हणूनच नाही बोलत! अगं, शिकाऊ माणूस गाडी चालवतोय, समोरून ट्रक येतोय आणि शेजारी बसलेला मास्तर विचारतो, 'मेल्यावर कुठे जायचं याचा विचार केलाय का कधी?' दुसऱ्या दिवशी येईल तो?"

"विचारण्याचीही एक तऱ्हा असते."

"तुझी तऱ्हा पार्सलवाल्याला विचार."

मग दोन दिवस घरात भांड्यांचे आवाज जरा जोरात झाले. असो.

आता मुद्द्याचं सांगतो. माझ्या शिकाऊ लोकांना मी मनात टोपणनावं ठेवतो, नाहीतर आठ जणांचा घोळ होतो. एक 'आरसेबहाद्दर' आहे, तो गाडी सुरू करण्याआधी पाच मिनिटं आरसे फिरवतो आणि मग एकातही बघत नाही. एक 'वकीलबाई' आहेत, चूक दाखवली की युक्तिवाद करतात. आणि एक होत्या 'सॉरीताई'. पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक चणीच्या, एका कपड्यांच्या कारखान्यात शर्टाला काज करायच्या कामावर. गिअर अडकला की त्या गिअरला सॉरी म्हणायच्या. एकदा मागे घेताना खांबाला बंपर टेकला, तर काच खाली करून खांबाला सॉरी म्हणाल्या. मी कपाळाला हात लावला.

पण त्या हौसेखातर शिकत नव्हत्या. त्यांच्या यजमानांच्या दोन्ही मूत्रपिंडांनी काम थांबवलं होतं. आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, त्यांना हॉस्पिटलात नेऊन रक्त शुद्ध करून आणावं लागायचं. चार तास मशीनवर, आणि येताना माणूस इतका गळून गेलेला की बसच्या पायऱ्या चढणं अशक्य. ताईंचा भाऊ आपल्या गाडीतून न्यायचा-आणायचा. त्याची दुसऱ्या गावी बदली झाली होती. महिनाअखेरीस तो जाणार होता आणि जुनी गाडी बहिणीला देऊन जाणार होता. म्हणजे गाडी होती, जायचं ठिकाण होतं, माणूस मागच्या सीटवर बसायला तयार होता. फक्त लायसन्स नव्हतं.

आणि दोनदा नापास झाल्या होत्या. दोन्ही वेळा एकाच जागी, लायसन्स ऑफिसच्या पुढच्या चौकात, जिथे पांढऱ्या रेषेच्या अलीकडे गाडी थांबवायची असते. टेस्टच्या वेळी माझ्याच गाडीत, माझ्या जागेवर इन्स्पेक्टर बसतो. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात. इन्स्पेक्टरला त्याच्या बाजूचा ब्रेक दाबावा लागला, की संपलं, घरी जा. दोन्ही वेळा गाडी रेषा ओलांडून पुढे गेली आणि दोन्ही वेळा इन्स्पेक्टरनं ब्रेक दाबला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ताई, माझ्यासोबत रोज त्याच चौकात लोण्यासारखी थांबवता! तिथे काय होतं तुम्हाला? पायातला जीव जातो का?"

"सॉरी सर. मी घाबरते बहुतेक."

"घाबरू नका!" मी ओरडलो. या दोन शब्दांनी आजवर एकाही माणसाची भीती गेलेली नाही हे मला बावीस वर्षांत कळायला हवं होतं.

तिसऱ्या टेस्टची तारीख मिळाली. महिना संपायला चार दिवस असतानाची. ती हुकली तर पुढची सहा आठवड्यांनी.

त्याच सुमारास एका सकाळी त्यांनी मला गाठलं. म्हणजे असं, की प्रत्येक धड्याआधी मी एक क्षण डॅशबोर्डवर हात ठेवतो आणि ओठांतल्या ओठांत एक वाक्य म्हणतो. 'प्रभो, या गाडीतल्यांना आणि रस्त्यावरच्यांना सांभाळ.' त्यात त्या दिवशी जो शिकणारा असेल त्याचं नाव घालतो. बायकोलाही हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर पुढच्या रविवारी सगळ्या मंडळीला माहीत झालं असतं.

"सर," सॉरीताई म्हणाल्या, "एक विचारू? रागावणार नाही ना? गाडी सुरू करण्याआधी तुम्ही रोज काय पुटपुटता? माझ्या ड्रायव्हिंगला घाबरून काही म्हणता का?"

आता बघा. दार उघडं ठेवा, दार उघडं ठेवा, तीन महिने ऐकत होतो. इथे दार उघडून, माणूस आत बोलावून, खुर्ची पुढे सरकवून विचारत होता. आणि मी काय म्हणालो असेन?

"काही नाही. इंडिकेटर तपासत होतो."

"तोंडानं?" त्या म्हणाल्या. मग लगेच, "सॉरी."

"आरसा बघा. गाडी काढा."

पेत्रानं येशूला ओळखत नाही म्हटल्यावर आरवला होता, तसा कोंबडा तेवढा आरवला नाही. गाडी निघाली, माझं तोंड कडू झालं, आणि त्याचा राग मी पुढच्या वळणावर त्यांच्यावरच काढला.

तो रविवार उजाडला. उपासना संपली. पाळकसाहेब म्हणाले, "कुणाला काही सांगायचंय?" बायकोनं माझ्याकडे बघायच्या आत मी उठलो, बाकांच्या फटीतून बाहेर निसटायला निघालो, आणि उजव्या पायाचा अंगठा बाकाच्या लोखंडी पायावर असा आपटला म्हणता की डोळ्यांपुढे काजवे चमकले. "आई गं!" एवढंच माझ्या तोंडून निघालं, सगळ्या मंडळीसमोर. तीन महिन्यांत माझी ती पहिली साक्ष. बायकोची बहीण अजून हसतेय.

नख काळंनिळं झालं. डॉक्टरांनी पट्टी बांधली, बूट घालायची सोय नाही. सोमवारी मी चप्पल घालून गाडीत बसलो आणि उजवा पाय ब्रेकपासून लांब, दाराच्या बाजूला वाकडा करून ठेवला. धक्का लागला की ठणका थेट मेंदूत जात होता.

सॉरीताईंचा धडा दुपारी होता. नेहमीचा चौक आला. पुढे पांढरी रेषा. त्यांनी वेग कमी केला, ब्रेकवर पाय ठेवला, आणि गाडी आरामात, कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखी, रेषा ओलांडून पुढे गेली. समोरून एक व्हॅन आडवी आली. मी दुखरा पाय तसाच ब्रेकवर हाणला. माझी किंकाळी आणि व्हॅनवाल्याची शिवी एकाच वेळी बाहेर पडली. गाडी थांबली ती व्हॅनपासून हातभर अंतरावर.

मी गाडी कडेला घ्यायला सांगितली. तोंड उघडलं ओरडायला. आणि तसंच उघडं राहिलं.

कारण माझ्या लक्षात आलं.

आमच्या गाडीत माझ्या बाजूचा ब्रेक दाबला की तिकडचा ब्रेकही सोबत खाली जातो. शिकणाऱ्याचा पाय त्यावर असतोच. त्याला वाटतं आपणच दाबला. म्हणून पहिल्या आठवड्यानंतर मास्तरनं पाय मागे घ्यायचा असतो. मी सगळ्यांच्या वेळी घेतो. पण सॉरीताईंचं ते कापत कापत चौकाकडे जाणं मला बघवायचं नाही. धीर कुठला माझ्यात? त्यांचा पाय पोहोचायच्या आत माझा पोहोचायचा, दोन महिने, रोज, माझ्या नकळत. लोण्यासारखी गाडी मी थांबवत होतो. त्यांना ब्रेक किती दाबायचा असतो हे कधी कळलंच नव्हतं. आणि टेस्टच्या दिवशी त्या स्वतःला कळला होता तेवढाच, म्हणजे नुसता टेकवल्याइतका ब्रेक लावून इन्स्पेक्टरसोबत चौकात जात होत्या.

शेजारी सॉरीताईंनी किल्ली फिरवली. इंजिन बंद केलं. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"सर, बस झालं. माझ्यानं नाही होणार."

"अहो, पण..."

"नाही सर. मी मठ्ठ आहे. तुमचा दोष नाही, तुम्ही जीव तोडून शिकवलंत." त्यांचा आवाज अगदी साधा होता, त्यानंच मला जास्त त्रास झाला. "हे म्हणतात, तिनाऐवजी दोनदाच जाऊ. भाड्याची गाडी तेवढी जमेल. डॉक्टर म्हणाले, दोनदा केलं तर फार दिवस निघणार नाहीत. हे म्हणतात, जेवढे निघतील तेवढे."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. 'ताई, ब्रेक जरा जोरात दाबा, बाकी सगळं उत्तम आहे.' बस. चार धडे बाकी होते. तेवढ्यात पायाला वळण लागलं असतं, त्या पास झाल्या असत्या, माझे आभार मानले असते, आणि बावीस वर्षांचा नावाजलेला मास्तर नावाजलेलाच राहिला असता. कुणाला कळणार होतं? पण त्या स्वतःला मठ्ठ म्हणत होत्या, आणि तशा मनानं त्या टेस्टला आल्याच नसत्या.

"ताई, तुम्ही मठ्ठ नाही," मी म्हणालो. "मी आहे." आणि सगळं सांगितलं. पाय, ब्रेक, दोन महिने, दोन्ही टेस्ट. सांगताना त्यांच्याकडे बघवत नव्हतं म्हणून वायपरकडे बघत होतो.

मला वाटलं, आता सॉरी म्हणतील.

"दोनदा!" त्या ओरडल्या. मी दचकलो. "दोनदा घरी जाऊन मी न्हाणीघरात रडले, ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून! पायातला जीव जातो का म्हणालात मला! पाय तुमचा होता!"

"माझा होता."

"आणि वर ओरडायचात!"

"ओरडायचो."

"लाज वाटत नाही?"

"वाटते ना. म्हणून तर सांगतोय."

त्या धापा टाकत होत्या. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. त्यांनी काच खाली करून हात बाहेर काढला आणि 'जा पुढे' अशी खूण केली. सॉरी नाही, काही नाही. मग माझ्याकडे वळल्या.

"सांगितलंत कशाला पण? जोरात दाब म्हणाला असतात, मी दाबला असता. मला कळलंसुद्धा नसतं."

"तुम्हाला नसतं कळलं. मी रोज सकाळी ज्याच्याशी बोलतो, त्याला कळलेलं होतं."

"कुणाशी बोलता?"

झालं. आता निसटायला बाकांची फट नव्हती, आणि अंगठा आपटून सुटकाही होणार नव्हती.

"येशूशी," मी म्हणालो. सुरात काही भक्तिभाव होता असं समजू नका. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूबद्दल तक्रार करावी तसा वैतागून म्हणालो. "तो मला गप्प बसू देत नाही. मी ख्रिस्ती आहे. डॅशबोर्डवर हात ठेवून तेच म्हणतो, सांभाळ म्हणून."

"इंडिकेटर म्हणाला होतात."

"खोटं बोललो."

"म्हणजे दोन खोटी."

"दोन."

त्यांनी जरा विचार केला. "माझ्यासाठी म्हणता? नाव घेऊन?"

"घेतो. म्हणजे..." आता एवढं सांगून बसलो होतो, तर हेही. "सॉरीताई असं म्हणतो. टोपणनाव आहे तुमचं. सॉरीताईंना सांभाळ."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हसायला लागल्या. दोन महिन्यांत त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघत होतो. हसता हसता डोळे पुसले, किल्ली फिरवली आणि म्हणाल्या, "पाय वर घ्या."

"काय?"

"दोन्ही पाय वर. सीटवर मांडी घालून बसा. मला दिसलं पाहिजे की खाली कुणी नाही."

बावीस वर्षांत मला असं सांगायची हिंमत कुणी केली नव्हती. मी चपला काढल्या, पट्टी सांभाळत मांडी घातली आणि बसलो, फोटो काढायला बसवलेल्या म्हाताऱ्यासारखा. पुढचे चार दिवस मी रस्त्यातून असाच फिरलो. दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरनं सिग्नलला काच खाली करून विचारलं, "काय, ध्यानाला बसलात का?" मी त्याला जे बोललो ते उपासनेत सांगता येणार नाही.

पहिल्या दिवशी गाडी तीनदा रेषेपलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी एकदा चौकाच्या बरंच आधी अशी गचकन थांबली की माझं कपाळ काचेवर जायचं राहिलं. माझा जीव टांगणीला लागला होता, पण पाय खाली सोडला नाही. आणि त्या दर सिग्नलला एक प्रश्न विचारायच्या. लाल दिवा लागला की प्रश्न, हिरवा झाला की गाडी. एवढं बरं होतं, माझ्यासारख्याला एका वेळी एका सिग्नलपुरतंच बोलता येतं.

"तो ह्यांना बरं करेल का?" हा तिसऱ्या दिवसाचा प्रश्न.

बायको असती तर तिनं गाडी कडेला घ्यायला लावली असती. मी म्हणालो, "माहीत नाही. करूही शकेल. मी कबूल करू शकत नाही."

"मग काय उपयोग?"

"सोबत असते," मी म्हणालो, आणि मला माझाच राग आला. एवढ्या वर्षांची उपासना, एवढी प्रवचनं, आणि शेवटी माझ्या पोतडीतून निघालं काय, तर दोन शब्द. हिरवा दिवा लागला. पुढच्या लालला त्यांनी गाडी रेषेच्या अलीकडे सुरेख थांबवली आणि विचारलं, "सोबत म्हणजे रोजची?"

"रोजची. मी ओरडतो त्या दिवशीसुद्धा."

घरी बायकोला मी सगळं सांगितलं. ती चक्क दोन मिनिटं गप्प राहिली. मग तिचे डोळे चमकले. "मी बोलू का त्यांच्याशी? फोन नंबर द्या."

"खबरदार! माझी शिकाऊ आहे ती."

आश्चर्य म्हणजे तिनं ऐकलं. ओट्याकडे वळून नुसतं म्हणाली, "मग त्यांच्या यजमानांचंही नाव घेत जा." आणि त्या दिवशी जेवण वेळेवर मिळालं.

टेस्टच्या दिवशी मी ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलो होतो. गाडी चौकाकडे निघाली तेव्हा माझा उजवा पाय आपोआप जमीन दाबायला लागला, अंगठ्यासकट. शेजारच्यानं विचारलं, "पेटका आलाय का?" गाडी परत आली. इन्स्पेक्टर उतरला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि न बोलता गेला. सॉरीताई उतरल्या, त्यांनी माझ्याकडे बघून एकदा मान हलवली, आणि मग गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून तिथेच उभ्या राहिल्या. मी नाक शिंकरलं. धूळ फार असते त्या ऑफिसबाहेर.

महिना संपला, भाऊ गेला, सोमवार आला. ताईंचा फोन, "सर, पहिल्या दिवशी शेजारी बसाल का? नुसते बसा."

त्यांच्या भावाच्या त्या जुन्या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक नव्हता. नुसती पायपुसणी. मागे त्यांचे यजमान बसले होते, भूगोलाचे निवृत्त मास्तर, अंगानं अगदी सुकलेले, गुडघ्यावर घडी घातलेली चादर. दोन मास्तर एका गाडीत म्हणजे शिकणाऱ्याची धडगत नसते, पण आम्ही दोघंही गप्प होतो. ताईंनी आरसे बघितले, पट्टा लावला, किल्लीला हात घातला आणि थांबल्या.

"सर, ते म्हणा ना."

मी डॅशबोर्डवर हात ठेवला आणि ओठ हलवले.

"असं नाही. मोठ्यानं. ह्यांना मागे ऐकू जायला नको?"

मी उभ्या आयुष्यात कुणासमोर मोठ्यानं प्रार्थना केलेली नाही. घरीही बायकोच करते. शेवटी म्हणालो, "प्रभो, या गाडीतल्या तिघांना सांभाळ. रस्त्यावरच्यांना सांभाळ. सोमवार, बुधवार, शुक्रवार, तिन्ही दिवस सांभाळ. चार तास मशीनवर सरांना कंटाळा येतो, तिथेही बस त्यांच्याजवळ. आमेन." इतकंच. हजेरी घेतल्यासारखं झालं, असं मला वाटलं.

ताईंनी गाडी काढली. पहिला चौक आला, लाल दिवा, पांढरी रेषा. माझ्या पायानं पायपुसणी दाबली. गाडी रेषेच्या हातभर अलीकडे थांबली. ताईंनी थांबवली.

तेव्हा भूगोलाचे मास्तर पहिल्यांदा बोलले.

"बुधवारी येणार का तुम्ही?"

"बुधवारी मला क्लास आहेत, सर."

"हं." त्यांनी चादरीची घडी सारखी केली. "मी हे असलं काही कधी मानलं नाही. पण त्या मशीनजवळ कुणी बसावं असं आजवर कुणी मागितलंही नव्हतं माझ्यासाठी." थोडं थांबून ते म्हणाले, "तर ते जे तुम्ही आता म्हणालात, ते बुधवारी माझं मी म्हटलं तर चालतं का? की त्याला लायसन्स लागतं?"

"नाही लागत," मी म्हणालो.

"मग सांगा. सुरुवात कशी करायची?"

दिवा हिरवा झाला होता. मागे हॉर्न सुरू झाले होते. ताई गाडी काढेनात, आरशातून नवऱ्याकडे बघत बसल्या होत्या. मी ओरडायचं सोडून मागे वळलो आणि त्यांना सांगायला लागलो.